आसिमच्या रजईतली रुई

आमच्या नेरमध्ये नजीरभाईंना सगळे नजीर पिंजारी म्हणून ओळखतात. बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला त्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. दुकानात रुई पिंजायची मशीन, भिंतीशी गाद्यांचे गठ्ठे, आणि दारात कायम एक लोखंडी खुर्ची. ती खुर्ची गिऱ्हाइकासाठी. गादी पिंजायला आणणारं माणूस त्या खुर्चीवर बसतं आणि काम संपेपर्यंत उठत नाही. जुनी खोळ फाडली, गोळा झालेली रुई मशीनच्या एका तोंडात गेली, दुसऱ्या बाजूनं फुलून बाहेर आली, नव्या खोळीत भरली, टाके पडले, की मग ते गादी डोक्यावर घेऊन उठणार. मधे चहा आला तर खुर्चीवरच. आपली चांगली रुई पिंजारी बदलून घेईल, त्यात दुसऱ्याची मिसळेल, ही शंका आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. नजीरभाईंना याचं वाईट वाटत नसे. उलट कोणी विसरून उभं राहिलं तर तेच म्हणत, "बसा, बसा. पाह्यरा करा."

मी त्यांच्याच गल्लीत राहतो. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची पंधरा इथे नेरमध्ये. त्यांचा मुलगा आसिम चौथीत माझ्या वर्गात होता. अभ्यासात मध्यम, पण वर्गातली सतरंजी कोणी वेडीवाकडी घातली तर उठून नीट करणारा. त्याला सतत खोकला असे. रुईची धूळ नाकातोंडात जाते, त्या घरातल्या सगळ्यांनाच तो खोकला आहे. बिस्मिल्लाबी, त्याची आई, त्याच्या छातीला बाम चोळून शाळेत पाठवी. तो वर्गात शिरला की बामाचा वास आधी यायचा.

बारावीनंतर आसिम वडिलांच्या हाताखाली आला. दिवाळी झाली की बापलेक टेम्पोवर दुसरी लहान मशीन चढवून गावोगाव जात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ते दारव्ह्याकडून परत येत होते. दिवस मावळला होता. आसिम पुढे मोटरसायकलवर, नजीरभाई मागे टेम्पोत. पुढे कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिला मागे लाल दिवा नव्हता. आसिम तिच्यात मागून गेला. बावीस वर्षांचा होता.

नजीरभाईंनी ते डोळ्यांसमोर पाहिलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण त्यानंतर मी दोन गोष्टी बघत आलो. दारव्ह्याच्या बाजूला जायचं असेल तर ते दुप्पट लांबच्या रस्त्यानं जातात. आणि टेम्पो कुठेही उभा केला, अगदी दुपारी बारा वाजता दारात, तरी उतरून मागे जातात आणि मागच्या लाल दिव्याला हात लावून बघतात. चहाच्या टपरीवरची पोरं सुरुवातीला हसायची. एकानं विचारलंही, "चाचा, लाईट पळून चालला का?" नजीरभाई त्याला म्हणाले, "हाय ना जागेवर? मंग झालं." आणि पुन्हा एकदा हात लावला.

बिस्मिल्लाबीनं वेगळं केलं. तिनं आसिमची रजई ठेवून घेतली.

ती रजई नजीरभाईंनीच भरली होती, आसिम गेला त्याच्या आदल्या वर्षी. लांब धाग्याची, निवडून काढलेली रुई. आसिम थंडीत डोक्यावरून घेऊन झोपायचा, त्यामुळे तिला त्याच्या केसांच्या तेलाचा, बामाचा आणि मशीनच्या ऑइलचा वास लागला होता. चाळिसावा झाला, बाकीचे कपडे वाटून टाकले, पण ही रजई तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीवर ठेवली. ऊन दाखवलं नाही. माझी बायको एकदा म्हणाली, भाभी, वाळवी लागेल, घटकाभर उन्हात टाका. तर तिनं मान हलवली. उन्हानं वास जातो. रोज दुपारची जोहरची नमाज झाली की ती पिशवीचं तोंड उघडून त्यात चेहरा घालून बसायची, पाच एक मिनिटं. मग पिशवी बंद करून भाकरी टाकायला उठायची. नजीरभाई त्या वेळी घरात जात नसत. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी ते काहीतरी हातात घेऊन बसत. दोघांचं तसं ठरलेलं होतं, न बोलता.

असं पावणेदोन वर्षं चाललं. चाललं होतं, असं मी म्हणेन. ती जेवत होती, शेजारणींशी बोलत होती, एकदोनदा हसलीही होती.

मागच्या नोव्हेंबरात त्यांची मुलगी फरहा पुसदला आजारी पडली. तिला तिथेच दिलेली आहे. बिस्मिल्लाबी पाच दिवस तिच्याकडे गेली. रजई बरोबर न्यायची तर एस.टी.त लोकांच्या हातापायाखाली येईल, म्हणून पेटीवरच ठेवून गेली. नजीरभाईंना सांगून गेली की पिशवीला हात लावू नका. हे ऐकायला नजीरभाईंचा धाकटा भाऊ जमीर त्या वेळी घरात नव्हता. आसिम गेल्यावर तोच भावाच्या मदतीला दुकानात आला होता. मनानं चांगला, कामाला चपळ, आणि भाभीचा फार लाडका.

तिसऱ्या दिवशी नजीरभाई मशीनचा पट्टा आणायला यवतमाळला गेले. जमीर घरात पाणी प्यायला गेला तेव्हा त्याला पेटीवरून उंदीर उडी मारताना दिसला. पिशवी कुरतडलेली, रजईला मुठीएवढं भोक, आणि रुई बाहेर. त्याच्या मनात एकच आलं. भाभी परत येऊन हे बघेल तर काय होईल? रजई आसिमची आहे हे त्याला ठाऊक होतं, वासाचं नव्हतं. ती यायच्या आत रजई दुरुस्त करून, नव्या खोळीत घालून जागेवर ठेवून द्यावी. त्यानं रजई दुकानात आणली, फाडली, रुई काढून पिंजली आणि बाजूला ढीग करून ठेवला. पिंजाऱ्याच्या घरातल्या माणसाला फाटलेल्या रजईचं दुसरं काही सुचणार नाही. आणि घरच्या रुईवर पहारा करायला खुर्चीत कोण बसणार?

त्याच दिवशी खुर्चीवर रुक्माबाई बसल्या होत्या.

रुक्माबाई म्हणजे माझा विद्यार्थी राजकुमार याची आई. मूळ तांड्यावरच्या, आता मुलाबरोबर नेरमध्येच घर आहे. राजकुमार एका कार्यालयात लिपिक आहे. त्याची बायको संगीता बाळंतपणाला टेकली होती. रुक्माबाई आपली जुनी गादी घेऊन आल्या होत्या, तिच्यातून बाळंतिणीची एक गादी आणि पाळण्यातली एक लहान गादी करून हवी होती. त्यांची एक अट होती. पाळण्यातल्या गादीत नवी रुई घालायची नाही. बाळाच्या अंगाखाली घरात वापरलेली, मऊ झालेली रुईच पाहिजे, नवी टोचते आणि उष्ण पडते, असं त्यांचं म्हणणं. जमीरला त्यांनी हे तीनदा सांगितलं.

दुपारी राजकुमारचा फोन आला, संगीताला कळा सुरू झाल्या. रुक्माबाई उठल्या. खुर्ची सोडताना म्हणाल्या, "जमीर, आता तुह्या भरवशावर हाय."

जुन्या गादीची रुई पिंजली की घटते. मोठी गादी भरून झाली तर लहानीला रुई पुरेना. नवी घालायची नाही, आणि गिऱ्हाईक भरवशावर ठेवून गेलेलं. जमीरनं बाजूला बघितलं. तिथे ढीग होता, जुन्या पण उत्तम रुईचा, ताजा पिंजलेला. त्यानं पाळण्यातली गादी आणि दोन उशा त्यातून भरल्या. रजईतली सगळी रुई संपली. मग भाभीसाठी त्यानं दुकानातली सगळ्यात चांगली नवी रुई घेतली, लाल फुलांची खोळ काढली, आणि दाट भरून रजई तयार केली. जुनी खोळ मशीन पुसायला घेतली. संध्याकाळी मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा गाद्या स्वतः नेऊन दिल्या. नजीरभाई उशिरा आले, त्यांना त्यानं एवढंच सांगितलं की भाभीची रजई नीट केली. हे मला त्यानं नंतर एकेक करून सांगितलं, हातानं दाखवत दाखवत, कुठे चुकलं ते मी शोधून द्यावं असं.

बिस्मिल्लाबी पुसदहून आली, बुरखा काढायच्या आधी पेटीकडे गेली. जमीर मागे उभा होता, खूश. ती म्हणाली, माझी रजई कुठे आहे. तो म्हणाला, हीच आहे भाभी, नवी केली. तिनं रजईत तोंड घातलं आणि काढलं. मग तिनं शांतपणे विचारलं, आधीची रुई कुठं गेली. त्यानं खरं ते सांगितलं.

ती रडली नाही. मशीनजवळ गेली, ऑइलनं काळी झालेली खोळ उचलली आणि आत जाऊन बसली. नजीरभाईंना एकच वाक्य म्हणाली. माझ्या मुलाची रुई मला आणून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नजीरभाई माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. म्हणाले, तिनं काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही. जमीर म्हणतो, भाऊ, दुसरी जुनी रुई द्या ना, तिला काय कळणार. ते सांगताना त्यांना लाज वाटत होती.

"तीस वर्षं झाले गुरुजी, कोनाची रुई कोनात जाऊ देल्ली नाई. आता बायकोपासून सुरू करू?"

मी विचारलं, पिंजलेल्या रुईत वास राहतो का. त्यांनी मान हलवली. मशीनमधून निघालेल्या रुईत कोणाचं काहीच राहत नाही, हे तर ते स्वतः गिऱ्हाइकांना समजावून सांगत. बिस्मिल्लाबीलाही ते ठाऊक आहे, तिचा बापही पिंजारी होता. मग ती काय मागते, असं मी विचारणार होतो. त्यांनीच आधी सांगितलं, "म्या तिले ते विचारलं नाई. ते विचाऱ्यासारखं नाई."

त्यांचा बेत साधा होता. राजकुमारकडे जाऊन सांगायचं की खोळीच्या कापडात खोट निघाली, गादी आणि उशा बदलून देतो. बदल्यात त्यांच्याच मोठ्या गादीतून थोडी रुई काढून लहान गादी भरायची, म्हणजे रुक्माबाईंची अटही राहील, आणि मोठीत कमी पडेल तेवढी आपली नवी घालायची. मी बरोबर यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पिंजाऱ्यानं दिलेला माल परत मागितला की लोक शंका घेतात, गुरुजी बरोबर असले की घेणार नाहीत.

तिथे मी त्यांना थांबवलं. मला खोटं सांगणं पटेना. मी म्हणालो, राजकुमार माझा विद्यार्थी आहे, समजूतदार आहे, शिकलेला आहे. त्याला जे आहे ते सांगू. आईचं दुःख त्याला कळेल.

नजीरभाई म्हणाले, "नोका सांगू गुरुजी. नवं लेकरू हाय घरात. लोकाईचं मन नाई मानत."

मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

हे मी लिहितो आहे, कारण या गोष्टीत जमीरच्या चुकीपेक्षा माझी ही चूक मोठी आहे. राजकुमार आणि संगीताची आधीची दोन बाळं जगली नव्हती, हे मला माहीत होतं. पहिलं पोटातच गेलं, दुसरं नऊ दिवसांचं होऊन. दुसऱ्या वेळी मी त्याला भेटून आलो होतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलो होतो. तरीही त्या सकाळी मला ते आठवलं नाही. मला फक्त माझा चौथीतला हुशार मुलगा आठवला.

मी एकटाच गेलो. राजकुमारनं पाया पडून बसवलं, पेढा दिला. मी त्याला ओट्यावर घेऊन सगळं सांगितलं. आसिमचं, पिशवीचं, उंदराचं, जमीरचं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं पाणी नव्हतं ते. तो म्हणाला, "सर, उद्या सकाळी मीच आणून देतो. चाचींना म्हणाव, काळजी नका करू." मी त्याला म्हणालो, घरात सांगायची गरज नाही, दुसरी गादी लगेच येईल. तो हो म्हणाला.

मी येऊन नजीरभाईंना निरोप दिला. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते नुसते "बरं" म्हणाले. पण आत निरोप गेला आणि बिस्मिल्लाबी उठली. तिनं भाकरी टाकली, स्वतः अर्धी खाल्ली. मग ती काळी खोळ सोड्याच्या पाण्यात उकळली, तारेवर वाळत टाकली, आणि संध्याकाळी सुईदोरा घेऊन उंदरानं केलेलं भोक शिवत बसली. माझ्या बायकोनं तिला दारातून पाहिलं. येऊन मला म्हणाली, भाभी आज बऱ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकुमार आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. नजीरभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी म्हणालो, ऑफिसची गडबड असेल, बघून येतो.

त्याच्या घराच्या मागच्या अंगणात धूर होता. रुईचा धूर वेगळा असतो, तो वर जात नाही, जमिनीशी रेंगाळतो. गादीची खोळ जळून गेली होती, आतली रुई काळी होऊन धुमसत होती. उशाही त्यातच होत्या. रुक्माबाई काठीनं ते उलथंपालथं करत होत्या, नीट जळावं म्हणून. राजकुमार दारात उभा होता. तो माझ्याकडे न बघता मोबाइलकडे बघत होता. त्यानं रात्री संगीताला सांगितलं होतं. मनात ठेवणं जमलं नसेल. तिनं सासूला सांगितलं. राजकुमार माझ्याशी खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याला गादी परत द्यायचीच होती. फक्त ते ओट्यापुरतं होतं. आत पाळणा होता.

मी काही बोलायच्या आधी रुक्माबाईंनीच सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, दोन लेकरं ह्या हातानं पुरले म्या. एकाचं तं नावबी ठेवलं नव्हतं. हे तिसरं श्वास घेऊन राह्यलं, तं दोन दोन घंट्यानं उठून पाह्यतो आमी. अन् त्याच्या अंगाखाली मेल्या पोराची रुई? सडकेवर मेल्या पोराची? तुमी शिकेल माणूस, तुमीच सांगा काय करू मी."

मी वळलो तर फाटकाशी नजीरभाई उभे होते. माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी धूर पाहिला. रुक्माबाईंनी त्यांना पाहिलं. मग मात्र त्यांचा आवाज चढला. भरवशावर उठून गेले होते मी, एका घंट्यासाठी उठले, आणि तुम्ही हे केलं, असं त्या बोलत राहिल्या. शेजारच्या बाया कुंपणापाशी आल्या. नजीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. जमीरचं नाव घेतलं नाही, उंदराचं घेतलं नाही, रुई चांगली होती असंही म्हणाले नाहीत. शेवटी हात जोडून म्हणाले, "चुकलं आमचं, माय." आणि निघाले.

रस्त्यात मी त्यांना म्हणालो, भाभींना हे सांगू नका. म्हणा, ते देत नाहीत. म्हणा, गादी तांड्यावर पाठवून दिली, परत येईल.

ते चालता चालता थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमीच तं म्हनलं होतं गुरुजी, खरं सांगा लागते." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ते घरात गेले तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं. बिस्मिल्लाबी जमिनीवर बसली होती. शिवून तयार झालेली खोळ मांडीवर घडी करून ठेवलेली, एक बाजू रुई भरायला उघडी ठेवून. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. हात रिकामे होते. त्यांनी उभ्यानंच सांगितलं, रुई त्या लोकांनी जाळली.

तिला ते समजायला वेळ लागला. "जाळली?" तिनं विचारलं. मग माझ्याकडे वळून, जणू मी मास्तर आहे म्हणून मला ठाऊक असायला हवं अशा रीतीनं, म्हणाली, "आमच्यात जाळत नाईत, गुरुजी."

ती बोलत राहिली.

"माती देल्ली होती त्याले. नीट देल्ली होती. माह्या हातचा कपडा होता अंगावर." ती खोळीवरून हात फिरवत राहिली. "अन् आता जाळलं."

नजीरभाईंनी तिच्याजवळ बसायचा प्रयत्न केला. तिनं खोळ उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. त्यांना बसायला जागा करून दिली असंही म्हणता येईल, आणि खोळ त्यांच्यापासून लांब केली असंही. मी तिथून निघालो.

बाजारात गोष्ट त्याच दिवशी पसरली आणि दोन दिवसांत वाढली. नजीर पिंजारी मेल्याची रुई भरतो, असं झालं. मग दवाखान्यातल्या गाद्यांची भरतो, असं झालं. मी चार ठिकाणी खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. लोक ऐकून घेत, हो म्हणत, आणि फोमची तयार गादी घेऊन येत. लग्नसराईच्या तोंडावर दुकानात जेवढे गठ्ठे असायचे त्यांच्या जागी मोकळी भिंत दिसू लागली. काही जुनी गिऱ्हाइकं तर पूर्वी भरून नेलेल्या गाद्या परत घेऊन आली. तुमच्याकडेच ठेवा म्हणाली. नजीरभाईंनी त्या ठेवून घेतल्या.

जमीर महिनाभरानं अमरावतीला निघून गेला. घरात त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटतं, त्यामुळेच गेला. जाताना माझ्याकडे आला आणि पुन्हा तेच विचारू लागला. गुरुजी, नवी रुई घालायची नाही असं त्या बाईंनीच सांगितलं होतं ना? मी म्हणालो, हो. मग मी काय चुकलो? मी त्याला म्हणालो, तू चुकला नाहीस. तो म्हणाला, मग मी काहून चाललो?

आता नजीरभाई लहान मशीन टेम्पोवर टाकून उमरखेडच्या बाजूला जातात. पार मराठवाड्याच्या तोंडाशी, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही. आठ आठ दिवस तिकडेच राहतात. इकडे येतात तेव्हा टेम्पो दारात लावतात, उतरून मागच्या दिव्याला हात लावतात, आणि दुकानात बसतात. खुर्ची अजून दारात आहे. तिच्यावर मीच कधी कधी जाऊन बसतो. आम्ही पावसाबद्दल, पेपरातल्या बातम्यांबद्दल बोलतो. त्या दिवसाबद्दल ते मला काही बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली तर ते लगेच देऊन टाकतील, हे मला ठाऊक आहे.

राजकुमार बारशाचं आमंत्रण घेऊन आला तेव्हा मी जाणार नव्हतो. पण गेलो. बाळ गुटगुटीत आहे, डोळे संगीतासारखे. त्याला फोमच्या गादीवर निजवलं होतं, कमरेला काळा दोरा, गालाला काळा टिळा, उशाशी लिंबू आणि बिब्बा. दर थोड्या वेळानं रुक्माबाई वाकून त्याच्या नाकापाशी बोट धरत होत्या. मी तिथे जेवलो. राजकुमारनं आग्रहानं दोनदा वाढलं. हात धुताना तो म्हणाला, "सर, तुम्ही आलात, बरं वाटलं."

यंदा आमच्याकडे थंडी बरीच पडली. जमीरनं भरलेली लाल फुलांची रजई बिस्मिल्लाबीनं कोणाला तरी देऊन टाकली. पिंजाऱ्याच्या घरात दोघं नवराबायको सगळा हिवाळा नुसती चादर पांघरून झोपली. माझ्या बायकोनं आमच्याकडची एक नेऊन दिली, ती दुसऱ्या दिवशी घडी करून परत आली, वर डबाभर शेवया ठेवून.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी बिस्मिल्लाबी आमच्या घरी आली. ती सहसा येत नाही. बायकोशी थोडं बोलली, मग माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, चौथीत होता ना आसिम तुमच्यापाशी. त्याच्या हातानं लिवलेलं काई असंन ना? एखांदा कागद. परीक्षेचा."

घरात त्याची एकही वही नव्हती. शाळा सुटली की वह्या रद्दीत गेलेल्या, पुढे त्यानं लिहिण्याचं काही काम केलं नाही. सही करायचा, ती मोबाइलच्या दुकानात कुठल्या तरी कागदावर. फोटो आहेत, पण ते सगळ्यांकडे असतात, असं ती म्हणाली.

मी चौतीस वर्षांत हजारो पोरांचे पेपर तपासले. एकही जपून ठेवलेला नाही. दर उन्हाळ्यात आम्ही ते गठ्ठे बांधून देत असू, कधी मागे वळून बघितलं नाही. हजेरीपटावर आसिमचं नाव असेल, पण ते माझ्या अक्षरात. हे सगळं मला त्याच क्षणी माहीत होतं. तिला ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "बघतो, भाभी. माळ्यावर पेट्या आहेत जुन्या."

तिनं मान हलवली आणि गेली. तेव्हापासून ती घाई करत नाही. बाजारात जाता येता आमच्या फाटकाशी थांबते. बायको असली तर तिची चौकशी करते, मी दिसलो तर फक्त बघते. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, सापडलं का गुरुजी.

मी म्हणालो, "अजून दोन पेट्या बाकी आहेत."

आमच्या माळ्यावर पेटी एकही नाही.